खाडा, रजा आणि सुट्टी

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असते. तिथीपेक्षा हिशेबासाठीच त्याचा उपयोग जास्त. दूध जादा घेतले, गॅसचा सिलिंडर लावला, सगळे त्या चौकोनांत लिहिलेले. आणि कामाच्या बाई आल्या नाहीत की त्या तारखेवर एक फुली. ही फुली म्हणजे खाडा. बहुतेक घरांत हाच शब्द असेल.

(मी आयुष्यभर शाळेत ‘बाई’ होते. आता घरात ‘बाई’ म्हटले की भांडी घासणाऱ्या बाई. पदवी तीच, माणूस बदलले.)

गेल्या चैत्रात एका ओळीत पाच फुल्या पडल्या. बाईंच्या माहेरी, साताऱ्याकडे, गावची यात्रा होती. आमचा नियम अकरा वर्षे एकच आहे. महिन्यात एक खाडा माफ, पुढचे कापायचे. तेव्हा महिनाअखेरीस मी पगाराला तीसने भागले, चारने गुणले, तेवढे वजा केले आणि उरलेले पैसे पाकिटात भरले. पाकीट चिकटवताना मनात आले, अरे, हे गणित तर आपण लहानपणी ऐकलेले आहे. फक्त तेव्हा आपण पलीकडच्या बाजूला होतो.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. ‘खाडा’ हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. आजारपणाचे खाडे, लग्नाकार्याचे खाडे. पगाराच्या दिवशी आई पहिला प्रश्न विचारायची तो “किती खाडे धरले?” हा. मग मला वाटले, खाड्याची रजा कशी झाली हे एकदा नीट लिहून काढावे. आमच्या पुढच्या पिढीतल्या मुलांना वाटते, पगारी रजा ही हवापाण्यासारखी आधीपासूनच होती. ती तशी नव्हती.

आधी शब्दांकडे बघू, शिक्षकाची खोड आहे. ‘सुट्टी’ सुटण्यातून आली. दोर सुटला, शाळा सुटली, सुट्टी झाली. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे राजीखुशी, संमती. म्हणजे सुट्टी आपोआप होते, पण रजा कुणीतरी द्यावी लागते. आणि खाडा ना कुणी देतो, ना तो आपोआप होतो. तो फक्त धरला जातो.

मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागल्या १८५४ नंतर. पहिली काही दशके कामगाराला ठरलेली सुट्टीच नव्हती. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. गिरणी बंद राहायची ती सणावाराला किंवा यंत्रांच्या साफसफाईला, आणि साफसफाई करायला पुन्हा कामगारच. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांना काहीच नाही. ह्या कायद्यामागे भूतदयेइतकाच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा रेटाही होता. मुंबईचे कापड स्वस्त पडते, तर तिथल्या गिरण्यांना थोडा लगाम बसावा, असा त्यांचा हिशेब. चांगल्या गोष्टी कधी कधी अशा वाकड्या वाटेनेही येतात.

मोठ्या माणसांच्या सुट्टीसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. १८८० पासून मुंबईतून ‘दीनबंधू’ चालवू लागले. गिरणीच्या आत राहिलेला माणूस असल्याने कामगार काय सोसतो हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून निघालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते. मागण्या बघा किती साध्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर काही आधार. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही त्यांची संस्था ह्याच धामधुमीतली.

पुढची सहा वर्षे अर्ज, साक्षी, सभा असे चालले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली हजारोंच्या जमावापुढे उभे राहून बोलणाऱ्या त्या दोघी! मी शिकवायला लागले तेव्हा पालकसभेत बोलायचे म्हटले तरी माझ्या घशाला कोरड पडायची. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पाठोपाठ १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सगळ्यांना लागू केली.

रविवारच का, ह्याचीही एक गोष्ट सांगतात. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार, अशी हरकत निघाली तेव्हा रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असे लोखंड्यांचे म्हणणे होते. घाटावरच्या कामगारांत जेजुरीला कुलदैवत मानणारे पुष्कळ, त्यामुळे ते पटण्यासारखेच होते. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये लोखंडे गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. मी तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला, पण पाठ्यपुस्तकात त्यांच्यासाठी ओळभर जागा मिळाली तरी खूप. दर रविवारी अंथरुणात लोळणाऱ्या मुंबईकराला ते नाव माहीत नसते, ह्यात मुलांचा काय दोष?

पण एक गोष्ट आपण विसरतो. लोखंड्यांचा रविवार बिनपगारी होता. रोजंदारीवरच्या किंवा नगावर मजुरी मिळवणाऱ्या माणसाने त्या दिवशी विसावा घ्यायचा तो स्वतःच्या खर्चाने. शरीराला विश्रांती मिळाली, पण डब्यातले पीठ तेवढेच राहिले. भरपगारी रजा ही पुढची पायरी आणि ती यायला आणखी पंचावन्न वर्षे लागली.

मधल्या काळात काय व्हायचे? आमच्या घरातलेच सांगते. बाबांचे चुलते १९३० च्या सुमारास गिरणीत विणकर होते. शिमग्याला राजापूरकडे गावी गेले. जाताना जॉबरला सांगून गेले. गावात हिवतापाने धरले आणि तीन आठवडे उशीर झाला. परत आले तर त्यांच्या साच्यावर दुसराच माणूस. जॉबर म्हणाला, जागा मिळेल, पण काहीतरी द्यावे लागेल. ह्याला ‘दस्तुरी’ म्हणत. त्यांनी बायकोची पुतळी गहाण टाकली आणि साचा परत मिळवला. म्हणजे रजेचा पगार मिळणे तर सोडाच, रजेहून परत येण्यासाठी पैसे मोजावे लागले!

त्याच सुमारास, १९२९ ते ३१ मध्ये, व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयीचा रॉयल कमिशन देशभर फिरून गेला. त्याच्या अहवालाने हेच दुखणे नोंदवले. इथला कामगार गावाशी नाते तोडत नाही, तेव्हा त्याला ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि वेळेत परतला तर त्याचे काम त्याला मिळेल अशी हमी द्यावी, असा त्याचा कल होता. कोकणातल्या चाकरमान्याला हे अहवालाशिवायही ठाऊक होते.

तिकडे जगात १९३६ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने वर्षभर नोकरी केलेल्याला निदान सहा कामाच्या दिवसांची भरपगारी रजा असावी असा करार केला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले आणि लेआँ ब्लूम ह्यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. आगगाडीची सवलतीची तिकिटेही काढली. हजारो माणसांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. १९३८ मध्ये इंग्लंडनेही कायदा केला. अमेरिकेत मात्र पगारी रजा सक्तीने द्यायला लावणारा देशव्यापी कायदा आजही नाही. मालक देईल तेवढी रजा. माझ्या भाच्याने हे सांगितले तेव्हा मला आधी खरेच वाटेना.

आपल्याकडे पगारी रजेचा कायदा आला १९४५ मध्ये. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची आणि मुलांना चौदा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. बाबासाहेबांना हा विषय नवा नव्हता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झालाही. म्हणजे आपल्याकडे भरपगारी रजेचे दार आधी उघडले ते बाळंतिणीसाठी.

मग स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा. तो १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला आणि त्यातला रजेचा नियम १९५४ च्या दुरुस्तीने पक्का झाला. वर्षात २४० दिवस काम भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांना एक दिवस रजा. हे गणित मी चौथीत असताना बाबांनी मला घातले होते. दोनशे चाळीस भागिले वीस? बारा. “शाब्बास,” बाबा म्हणाले, “हे बारा दिवस कुणाच्या बापाचे नाहीत.”

ह्या कायद्यात काही बारकावे फार सुंदर आहेत. कायदा आणि सुंदर हे शब्द एकत्र येतील असे मलाही वाटले नव्हते, पण बघा. एक, चार किंवा जास्त दिवसांची रजा असेल तर रजेचा पगार रजेवर जाण्याआधी हातात द्यायचा. ज्याने कुणी हे कलम लिहिले त्याला गरीब माणसाची रजा कळली होती. गावी जाताना पैसे हवेत, आल्यावर मिळून काय उपयोग? दोन, रजा मागितली आणि मालकाने नाकारली तर ती बुडत नाही, पुढे कितीही साठते. तीन, रजेच्या आधी, मध्ये किंवा शेवटी आलेल्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत.

तिसऱ्या कलमाचा पुरेपूर उपयोग बाबा करत. शनिवारी पाळी संपली की निघायचे. मधला रविवार, मग सहा दिवस रजा, पुन्हा रविवार, पुन्हा सहा दिवस रजा, शेवटी आणखी एक रविवार. बारा दिवसांचे पंधरा झाले! आज आमचा मुलगा ‘लाँग वीकेंड’ म्हणून जे करतो ते त्याचे आजोबा पेन्सिलीने हिशेब मांडून करत. आणि त्या तीन रविवारांसाठी लोखंड्यांनी सहा वर्षे घालवली होती, हे मला फार उशिरा समजले.

कलमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २४० दिवस ज्याचे भरत नाहीत त्याला काय? बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम. म्हणजे एकाच्या खाड्यावर दुसऱ्याची रोजी. कित्येकांची वर्षे अशीच गेली. २४० चा आकडा त्यांच्या हाताला लागायचा नाही. बाबा स्वतः १९४४ ला बदली म्हणून लागले आणि सहा वर्षांनी कायम झाले. तेव्हा गिरणीत १९४५ ची रजा येऊनही ती बाबांपर्यंत पोचली ती १९५१ मध्ये. माझ्या जन्माचे साल. आई म्हणायची, पोरीच्या पायगुणाने रजा मिळाली.

आता ह्या रजेचे काय करत? तुम्हाला वाटेल विश्रांती. छे! बहुतेक चाकरमानी रजा मागत ती मे महिन्यात. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, त्याआधी जाऊन यायचे. भाऊच्या धक्क्यावरून बोट, मुसाकाजीला उतरायचे, पुढे होडी आणि मग चालत. गावी पोचल्यावर बाबांच्या अंगावर गिरणीपेक्षा जास्त काम पडे. घर शाकारायचे, गडगा पडला असेल तो रचायचा, भाजवळ करायची, भावकीतले भांडण मिटवायचे आणि मध्ये दोन लग्ने. आईचे तर विचारूच नका. चाळीत पाच माणसांचा स्वयंपाक, तिथे पंधरांचा, पाणी विहिरीचे. परत मुंबईला आल्यावर बाबांना दोन दिवस अंगदुखी असायची. म्हणायचे, “आता जरा गिरणीत जाऊन बसतो.” साच्यावर बसायला मिळत नसते हे सगळ्यांनाच माहीत होते, म्हणून सगळे हसत.

तरीही ती रजा फुकट गेली असे मी म्हणणार नाही. त्या पंधरा दिवसांनी घर उभे राहिले, शेत लागवडीत राहिले, आजीला मुलगा दिसला. मुंबईत बाबा एक नंबर होते. गावात ते कुणाचे तरी दादा, कुणाचे तरी मामा होते. शहर आणि गाव ह्यांच्यामधला तो दोर वर्षातून एकदा घट्ट व्हायचा, तो ह्या बारा दिवसांमुळे.

एका रजेची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि खरे तर ती सांगण्यासाठीच मी एवढे लिहीत आले.

मे महिन्यात सगळेच कोकणी रजा मागणार, म्हणून खात्यात पाळ्या लावत. १९६३ साली बाबांना रजा मंजूर झाली ती डिसेंबरात. भात कापून घरात आले होते, लग्नसराई नव्हती, गावी जाऊन करायचे काय? भाडेही वाचेल, म्हणून बाबा चाळीतच राहिले. पहिले दोन दिवस सवयीने भोंग्याबरोबर उठले आणि गॅलरीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी आम्हाला राणीच्या बागेत नेले. चौथ्या दिवशी स्टोव्ह उघडून साफ केला. पाचव्या दिवशी करायला काही उरले नाही, तेव्हा मला शाळेतून आणायला म्हणून आले.

मी सातवीत होते. बाबांनी माझी शाळा कधी पाहिली नव्हती. पाळ्याच अशा की मी शाळेत असताना ते कामावर नाहीतर झोपलेले. दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. आमच्या वर्गाच्या बाईंनी त्यांना आत बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि माझी वही दाखवली. मी बाकावर बसून ऐकत होते. बाई म्हणाल्या, “हिला सातवीनंतर काढू नका. पुढे हायस्कुलात घाला.” बाबा काहीच बोलले नाहीत. घरी ठरलेले वेगळे होते. सातवी झाली की मी गावी आजीजवळ राहायचे, तिला आता होत नव्हते. हे ठरवण्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सगळ्या घरांत असेच चालत होते.

वाटेत बाबांनी मला विचारले, “हायस्कूलची फी किती असते गो?” मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन विचारून आले. तिसऱ्या दिवशीही गेले, कारण पहिल्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. रजा होती म्हणून दोन हेलपाटे घालता आले. एरवी त्या चौकशीसाठी खाडा करावा लागला असता आणि खाड्याचे पैसे कापून घेऊन फी विचारायला कोण जातो? आजीजवळ धाकटी आत्या राहिली. मी पुढे मॅट्रिक झाले, मराठी माध्यमातून बीए झाले, शिक्षिका झाले. बारा दिवसांतल्या एका मोकळ्या दुपारीत माझे आयुष्य फिरले, असे म्हटले तर फार होईल. पण ती दुपार पगारी नसती तर बाबा माझ्या शाळेच्या दाराशी आले नसते, हे नक्की.

रजेचा सर्वांत चांगला उपयोग कोणता, असे कुणी विचारले तर मला ही पाचव्या दिवसाची रिकामी दुपार आठवते. पहिले चार दिवस माणूस कामाच्या तंद्रीतच असतो. पाचव्या दिवशी त्याला आजूबाजूचे दिसायला लागते. आमच्या मुलाच्या कंपनीत रजा भरपूर, पण तो एकेक दिवस तोडून घेतो. कधी बँकेसाठी, कधी गाडीच्या कामासाठी, आणि रजेवरही फोन कानाला. वर्षअखेर काही रजा लॅप्स होतात. मी त्याला म्हणते, अरे, तुझ्या आजोबांनी एकही बुडू दिली नाही. तो म्हणतो, आई, आजोबांना ईमेल नव्हती. तेही खरेच.

शिक्षकांना तर सुट्ट्यांवरून टोमणे ऐकण्याची सवयच. दिवाळीची, उन्हाळ्याची! त्यातली कितीतरी निवडणूक, जनगणना आणि पेपर तपासण्यात गेली, पण तक्रार नाही. मे महिन्यात मी मुलांना घेऊन गावी जाऊ शकले ही चैनच होती. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली आणि बाबांचे वाटेत जाणारे दिवस आम्हाला वाचले.

बाबांची शेवटची रजा मात्र कुणी मंजूर केलेली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. भोंगा बंद झाला तरी ते पहाटे उठायचे. बदल्यांना कायम करा ही त्या संपातली एक मागणी होती. बाबा म्हणायचे, मी कायम आहे, पण मी सहा वर्षे दारात उभा होतो ते विसरलेलो नाही. महिने गेले, वर्ष गेले. ते पुन्हा साच्यावर गेले नाहीत. कागदोपत्री त्यांच्या नावावर काही दिवस रजा शिल्लक होती. त्याचा हिशेब ते शेवटपर्यंत तोंडपाठ सांगत. पैशासाठी नव्हे. आपण ते कमावले आहेत, एवढेच त्यांना सांगायचे असे.

कायदे बदलत असतात. महाराष्ट्रात दुकाने आणि कार्यालयांसाठी २०१७ साली नवा कायदा झाला. त्या मूळ कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करत तिथे वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि शिवाय दर वीस दिवसांना एक दिवस. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, १९४८ चा कारखाने कायदा त्यात विलीन झाला आणि २४० चा आकडा १८० वर आला. गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या बदल्यांना हा आकडा सत्तर वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. असो.

पण ह्या सगळ्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या बाई कुठे आहेत? कुठेच नाहीत. घर म्हणजे कारखाना नव्हे आणि दुकानही नव्हे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर सुट्टीचाही प्रश्न होता. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात मदतीच्या योजना आहेत, पण वर्षाला इतके दिवस भरपगारी रजा, असे सांगणारे कलम नाही. ते कलम अजून आपल्या हातात आहे, माझ्या आणि तुमच्या.

म्हणून मी बाबांचे गणित मांडले. बाई वर्षाचे ३४० दिवस तरी येतात. भागिले वीस, म्हणजे सतरा. अकरा वर्षांचे एकशे सत्त्याऐंशी दिवस. शिवाय आठवड्याची सुट्टी नाहीच. महिन्याला एक खाडा माफ करून मी स्वतःला उदार समजत होते, आणि १८९० साली मिळालेला रविवार माझ्या घरात अजून पोचलेला नव्हता. वही पुढे धरून मी किती तरी वेळ बसले होते. ह्यांनी विचारले, काय झाले? मी म्हटले, हिशेब चुकलाय.

पाकीट उघडले, कापलेले पैसे परत घातले. दुसऱ्या दिवशी बाईंना बसवून सांगितले. वर्षाला सतरा दिवस रजा, पगार कापायचा नाही. गावी जाताना रजेचे पैसे आधी घेऊन जायचे. रविवारी यायचे नाही, भांडी आम्ही दोघे घासू. मागच्या अकरा वर्षांचे काय करायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही, तेही सांगितले.

मला वाटले होते, त्या खूश होतील. त्यांनी पदराला हात पुसले आणि जरा रागानेच म्हणाल्या, “आजी, हे यात्रेच्या आधी सांगायचं होतं. आई म्हणत होती अजून दोन दिवस राहा. मी खाडे पडतील म्हणून पळत आले.”